पहिला मान जामसंड्याचा

सरांनी मला तीन वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी जामसंडे. वैभववाडी स्टेशनवर रिक्षा चालवणारा एक जण होता, तो वैभववाडी. दवाखान्यात नर्स असलेली एक होती, ती मालवण. एकाच गावातले दोघे निघाले की सर वाडीवर उतरायचे. "नाव काय, आवस-बापूस ठेवतत. गाव आपलो असता," असं त्यांचं म्हणणं. गाव तरी आपण कुठे निवडून घेतो, पण हे त्यांना विचारायची छाती कुणाची नव्हती. पहिल्या दिवशी स्वतःची ओळखही त्यांनी "मी वालावल" एवढीच करून दिली आणि लगेच विचारलं, "जेवलात काय?" सकाळचे दहा वाजले होते.

हा सगळा कारभार मोबाइलच्या पडद्यावर चालायचा. आम्ही अकरा जण एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी. ए.ला बसलो होतो आणि सर आमचे इतिहासाचे मार्गदर्शक. हायस्कुलातून निवृत्त झालेले. दर रविवारी दहा वाजता वर्ग. सरांच्या घरात रेंज नव्हती. ती यायची खाडीच्या कडेला एका माडाखाली. म्हणून सर तिथे खुर्ची नेऊन बसत. पावसाळ्यात खुर्चीला सुंभाने छत्री बांधलेली असायची. मोबाइल त्यांनी माडालाच कुठेतरी अडकवलेला, त्यामुळे आम्हाला वरून त्यांचं टक्कल, छत्रीची काडी आणि मागून जाणारी गुरं दिसत. कुणी म्हणालं, "सर, आवाज येत नाही," की ते ओरडून बोलत. "सर, तुमचा माइक बंद आहे," म्हटलं की आणखी ओरडत. एकदा त्या ओरडण्याने पलीकडच्या काठावरचा माणूस काय झालं म्हणून होडी घेऊन बघायला आला. सरांनी त्याला बसवून घेतलं आणि पोर्तुगीज व्यापाराचा उरलेला धडा त्यालाच शिकवला. का, तर "ह्येचा तोंड तरी दिसता!"

शिकवायचे मात्र झकास. आज बाजारात काय गावलं, हे प्रत्येकाने सांगायचं. कुणी बांगडा म्हणायचं, कुणी पेडवे. तिथून सर खारवलेल्या मासळीवर जायचे, मासळीवरून मिठावर, मिठावरून गलबतांवर आणि गलबतांवरून थेट अरबस्तानात. तास संपला की आपण एवढं लांब कसे गेलो, याचंच नवल वाटायचं. वाचून आलेलं पाठ म्हणून दाखवणारा त्यांना आवडत नसे. "ता पुस्तकान सांगला. तू काय सांगतंस?" हा त्यांचा प्रश्न मला अजूनही भाजी निवडताना मध्येच ऐकू येतो.

आता माझं. मी शाळेत शिपाई. बी. ए. लग्नाआधी एकदा सुटलं, लग्नानंतर एकदा सुटलं. ही तिसरी खेप. पदवी हातात आली तर लिपिकाच्या जागेसाठी नाव लागणार होतं, आणि माझ्या नोंदणीची मुदत शेवटच्या वर्षीच संपत होती. नापास झाले किंवा मध्येच सोडलं तर आधीचे सगळे पेपर रद्द, पुन्हा श्रीगणेशा. पुन्हा श्रीगणेशा माझ्याने झाला नसता. हे मला माहीत होतं आणि घरच्यांनाही माहीत होतं. सासूबाई तोंडाने वाईट काही बोलत नसत. "तुझी ती मोबायलातली शाळा," एवढंच म्हणत, पण म्हणताना 'मोबायलातली' हा शब्द असा काही चघळत की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटच्या वर्षाला विद्यापीठाने बॅज काढले. ऑनलाइन शिकणारी माणसं मध्येच गळतात, त्यांना हुरूप यावा म्हणून. संकेतस्थळावर अमुक एक केलं की आपल्या नावापुढे गोल रंगीत चित्र उमटायचं आणि ते सगळ्या गटाला दिसायचं. तीस दिवस न चुकता आलात तर 'सातत्य'. मुदतीच्या बऱ्याच आधी काम पाठवलंत तर 'तत्पर'. दुसऱ्याच्या शंकेला उत्तर दिलंत तर 'सहाध्यायी'. चाचणीत पैकीच्या पैकी तर 'प्रावीण्य'. मला हे सगळं बालवाडीतल्या मुलांच्या हातावर काढतात त्या चांदणीसारखं वाटलं आणि मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विद्यापीठाचं पत्रक दोनदा मोठ्याने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ह्यो मान आसा."

आमच्याकडे गावच्या देवाच्या कामात घरोघरी मान वाटलेले असतात. कुणाच्या घराला पहिल्या नारळाचा, कुणाला पालखीच्या पुढच्या दांडीचा. मानकरी आल्याशिवाय पालखी उठत नाही, मग तो तापाने फणफणलेला का असेना. सरांच्या घराला पालखीपुढे दिवटी धरायचा मान होता. त्यांनी मनगट मोबाइलसमोर नेलं, इतकं जवळ की पडदाभर नुसती कातडी दिसली. तीवर भाजल्याचे जुने-नवे डाग होते.

"दिसला? दरवर्षी तेल सांडता नि हात भाजता. मान म्हणजे काम. काम नाय तर तो मान कसलो? तो नुसतो बिल्लो."

आणि त्यांनी तिथल्या तिथे कामं वाटली. 'प्रावीण्य' मिळालेल्याने तो धडा बाकीच्यांना फोनवरून समजावायचा. 'सहाध्यायी'ने रेंज नसलेल्यांसाठी टिपणं लिहून त्यांचे फोटो पाठवायचे. 'तत्पर'ने सगळ्यांच्या तारखा सांभाळायच्या. आणि 'सातत्य' हा पहिला मान. पहिल्या मानकऱ्याने रविवारी कोण आलं नाही ते बघायचं, त्याच दिवशी फोन करायचा आणि त्याला परत आणायचं. आणि हा मानकरी स्वतः आल्याशिवाय वर्ग सुरू होणार नाही. मान नको असेल तर खाली ठेवता येईल, पण रविवारी, सगळ्यांसमोर, कारण सांगून. "गुपचूप ठेवूचो नाय," सर म्हणाले.

झालं. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गटात बॅजपासून लोक असे अंग चोरू लागले, जशी काही खाजकुयलीच. वैभववाडीला सगळं येत असूनही त्याने चाचणीतला शेवटचा प्रश्न मुद्दाम कोरा ठेवला. "पुरे मार्क पडले तर धा जणांक शिकवूचा लागतला, ताई. मगे रिक्षा कोण चालवतलो?" मालवण तर तयार गृहपाठ जवळ ठेवून मुदतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाठवायची. शंका विचारायच्या जागी कुणी शंका लिहिली की सगळीकडे सामसूम, आणि मग उत्तर खासगी फोनवर, दबक्या आवाजात. चोरीचा माल विकावा तशी माणसं एकमेकांना इतिहास सांगत होती. गंमत अशी की त्या चोरट्या फोनांमुळे आमचा सगळ्यांचा अभ्यास बरा होऊ लागला, पण विद्यापीठाच्या तक्त्यावर आमचा गट तळाला.

आणि अशात पहिला मान येऊन पडला माझ्या गळ्यात. मी अभ्यास केला म्हणून नव्हे. रोज सकाळी शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पुसून सुरू करणं हे माझं पहिलं काम. त्यावर मी एकदा विद्यापीठाचं पान उघडलं होतं ते बंदच केलं नव्हतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ते पान आपोआप उघडायचं आणि माझी हजेरी लागायची. शाळा भरो न भरो, रविवारीसुद्धा, ऑफिस उघडून झाडणं माझ्याकडेच. तीस दिवस मी फडकं मारत होते आणि विद्यापीठ मला सातत्य देत होतं.

मी सरांना खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, "सर, हा खोटा मिळालेला मान आहे. मला नको."

"खोटो मिळालो म्हणून काय झाला? काम खरा करूचा. आमच्या पणज्याक दिवटी कशी मिळाली, ता काय मी विचारूक गेलंय?"

रविवारी वर्गात सगळ्यांसमोर मान खाली ठेवायला तोंड उघडलं नाही. सासूबाई बाजूलाच वाल सोलत बसल्या होत्या.

मध्यंतरी विद्यापीठातल्या एक मॅडम आमच्या वर्गाला येऊन गेल्या, म्हणजे पडद्यावर. फार गोड बोलायच्या. "तुमच्या गटात बॅजेस इतके कमी का बरं?" असं त्यांनी विचारलं. शेवटी वैभववाडीने घसा साफ केला आणि ऑफिसात बोलतात तशा मराठीत सांगितलं, "मॅडम, आम्हाला ते झेपत नाहीत." मॅडमनी ते लिहून घेतलं. मग सरांनी त्यांना मान म्हणजे काय ते समजावलं, मनगटही दाखवलं. मॅडमना ते इतकं आवडलं की आठवड्याने त्यांनी सरांनाच एक बॅज पाठवला, 'प्रेरक मार्गदर्शक'.

सरांची झोप उडाली. त्यांनी मॅडमना फोन करून विचारलं, "माझं काम काय?"

"काही नाही सर, अभिनंदन!"

"काम नसेल तर परत घ्या."

परत घ्यायची सोय त्या यंत्रणेत नव्हती. सर आठ दिवस फोनवर होते. मॅडम, मॅडमच्या वरच्या मॅडम, कुणी कॉम्प्युटरवाले. ते फुकट मिळालेलं गोल चित्र नावापुढे बघून त्यांना जेवण जात नाही, असं काकी सांगायच्या. काकी म्हणजे सरांची बायको. फोन बहुधा त्याच उचलायच्या. शेवटी ते विद्यापीठ ऐकेना, तेव्हा सरांनी आपलं काम आपणच ठरवून घेतलं असावं. काय ते मात्र आम्हाला सांगितलं नाही.

माझं काम मी सुरुवातीला रागारागाने केलं. रविवारी कोण आलं नाही ते बघायचं आणि त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं. पण दुसऱ्याला बोलवायचं तर आपण आधी हजर असावं लागतं, आणि हजर राहिलं की थोडं वाचावंही लागतं. एका पेपरात नापास झाल्यावर वैभववाडी दोन रविवार आलाच नाही. फोन लावला तर म्हणाला, "ताई, माझ्या डोक्यात काय शिरना नाय. मी सोडलंय." त्याला मी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर हेही म्हटलं की इथपर्यंत येऊन सोडणारा माणूस कण्याने कच्चा असतो. तिसऱ्या रविवारी तो रिक्षात बसून हजर. आणि मला फोन ठेवल्या ठेवल्या स्वतःचीच लाज वाटली होती, कारण त्याच आठवड्यात सोडायचं माझ्याही मनात घोळत होतं.

ते मनात घोळणं मे महिन्यात खरं व्हायच्या बेताला आलं. शेवटचा प्रकल्प पाठवायचा होता, देवगड बंदरातल्या जुन्या व्यापारावर, वीस पानं. सरांनी बजावलं होतं, "आंब्याची गडबड सुरू होवच्या आधी पाठवा." मी ऐकलं नाही. आमची कलमं थोडी, पण काढणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला दहा हात हवे असतात. खळ्यात आंब्याचे ढीग, ओटीवर पेट्या, जिकडेतिकडे गवत. प्रकल्पाची चौदा पानं झाली होती. सहा राहिली होती. मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचची, आणि सहाला पेट्या न्यायला टेंपो येणार होता.

दुपारी जेवून उठले आणि ठरवलं, सोडायचं. कुणाला सांगायचं नाही. पाच वाजून जातील, की मी सुटले. असं ठरवल्यावर खरं तर हलकं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. तशीच आंबे निवडायला बसले.

अडीचला फोन वाजला. वैभववाडी.

"ताई, तुमचो प्रकल्प गेलो?"

"नाय अजून."

"बरा, बरा. आमी थांबलाव."

"थांबलाव म्हणजे? कित्याक?"

"पहिलो मान तुमचो मा? तुमच्या आधी आमी कसो पाठवूचो?"

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. म्हटलं, "खुळे झालात काय? पाठवून टाका." तर तो शांतपणे म्हणाला, "नाय ताई, रीत ती रीत." आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी मालवण. तीच भाषा. मग आणखी एक, मग आणखी. कुणी कुडाळचं, कुणी आचऱ्याचं. सगळ्यांचे प्रकल्प तयार, सगळे बोट बटणावर ठेवून बसलेले, आणि सगळे माझ्यासाठी अडलेले. शेवटी मी मालवणवर ओरडले, "मी सोडलंय! माझी वाट बघू नका!"

"सोडलंस तर रविवारी सगळ्यांच्या समोर सांग," ती म्हणाली. "आज मान तुझोच आसा. आमी थांबतलाव."

मी सरांना फोन लावला. काकींनी उचलला. "ते खाडीर गेले हत," म्हणाल्या. साफ खोटं असणार, कारण मागे खोकल्याचा आवाज येत होता.

माझ्या डोळ्यांसमोर दहा माणसांचं वर्ष उभं राहिलं. मालवणच्या रात्रपाळ्या, वैभववाडीची रिक्षा. नवरा खिळे ठोकत होता, तो थांबला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"किती पानां रवली?"

"सहा."

"मगे बस थंय. पेट्यो मी बघतंय."

सासूबाई उठून माझ्या जागी आंबे निवडायला बसल्या. मी माजघरात जाऊन दार लावलं आणि लिहीत सुटले. पुस्तकात बघायला वेळ नव्हता. सरांनी रविवारी जे काय सांगितलं होतं, आजोबांकडून बंदराचं जे काय ऐकलं होतं, ते सगळं कागदावर ओतलं. पानांचे फोटो काढले, एक धुरकट आला, परत काढला. चार वाजून चाळीस मिनिटांनी प्रकल्प गेला. मी गटावर लिहिलं, "गेलो. आता पाठवा मेल्यांनो, शिरा पडो तुमच्या रीतीर."

मग एकेक उत्तर येऊ लागलं. "गेलो." "माझो पण गेलो." "गेलो, ताई." मालवणने तर "रेंज नाय, परत करतंय" असं दोनदा लिहिलं. पाचला दोन मिनिटं असताना तिचं "गेलो" आलं तेव्हा मी भिंतीला टेकून रडले.

मी पास झाले. काठावर, पण पास. निकालाचं पान मी नवऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पण पुढे कित्येक दिवस मला मध्येच दरदरून घाम फुटायचा. त्या दिवशी वीज गेली असती तर? फोटो परत धुरकट आला असता तर? माझ्या आळसापायी दहा जणांचं वर्ष गेलं असतं. पास झाल्याचा आनंद त्या एका विचाराने कडू व्हायचा. गटावर कुणी अभिनंदन केलं तरी तोंड लपवावंसं वाटे.

दोन महिन्यांनी विद्यापीठाने वर्षभराच्या बॅजची शेवटची यादी लावली, शेवटच्या प्रकल्पाचे बॅजही तेव्हाच धरले. सहज बघितली. 'तत्पर' या बॅजखाली आमच्या गटातली दहा नावं होती. ज्यांनी वर्षभर त्याला हात लावला नव्हता ती दहाच्या दहा माणसं. प्रत्येक नावापुढे प्रकल्प पोचल्याची तारीख होती. सगळ्या तारखा माझ्या त्या दुपारच्या आठ-दहा दिवस आधीच्या.

मी ती यादी तीनदा वाचली. मग शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून वालावलला गेले. सरांना मी प्रत्यक्ष प्रथमच बघत होते. वाटलं होतं त्याहून बुटके होते. मी यादीचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि वैतागून म्हणाले, "ह्या यंत्राच्या पोटात काय म्हणजे काय रवना नाय."

"सर, तुम्ही सगळे खोटं बोललात. कुणीच थांबलं नव्हतं."

"खोटा कित्याक? कागद गेलेले. माणसां थांबलेली."

दोन महिने छातीवर बसलेलं ओझं उतरत होतं, ते मला अगदी कळत होतं. कुणाचंच वर्ष जाणार नव्हतं. वीज गेली असती, फोटो धुरकट आला असता, तरी जाणार होतं ते एकटं माझं. आणि त्या एकासाठी दहा माणसं आपापली कामं सोडून दुपारभर माझ्याशी खोटं बोलत बसली होती. मी काकींनी पुढे केलेलं पाणी घटाघटा प्यायले आणि मग जी हसत सुटले ती थांबेचना.

"हसतंस काय?" सर म्हणाले. "आधी त्या वैभववाडीक फोन कर. त्या दुपारी तुका फोन करूक मीच सगळ्यांका सांगलंय. दोन महिने माझो जीव खातासा, तिका कळला तर काय सांगू म्हणून. मालवणीण पण तशीच."

मी तिथेच खाडीच्या कडेला जाऊन फोन लावला. मागे रेल्वेची घोषणा चालली होती, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं.

"माका सगळा कळला," मी म्हटलं.

पलीकडे त्याने इतका मोठा श्वास सोडला की माझ्या कानाला वारा लागला.

"सुटलंय गो ताई," तो म्हणाला. "माका खोटा बोलूक अजिबात जमना नाय."